साळूबाईची वेस

पायरी १

"आई, बादलीत काय घातलंस हे?"

मोरीतल्या बादलीत प्लॅस्टिकच्या विटा तरंगत होत्या. लाल, करड्या, पिवळ्या. साळूबाई त्या तळहातानं खाली दाबत होती आणि त्या दुसऱ्या बाजूनं वर येत होत्या.

"भिजत घातल्यात. पन बुडंनातच मेल्या."

"अगं, खेळण्यातल्या आहेत त्या! शाळेच्या आहेत."

"वीट ती वीट. कोरडी लावली तर मालातलं सगळं पानी पिती. भिंत धरत न्हाई मग."

"यांना सिमेंटचा माल लागतच नाही."

साळूबाईचा हात पाण्यात थांबला. "माल न्हाई? मग धरतं कशानं?"

अश्विनीनं दोन विटा उचलल्या, झटकल्या, एकीवर एक दाबल्या. टक्. साळूबाईनं त्या ओढून पाहिल्या. उलट्या करून पाहिल्या. एकीच्या डोक्यावर टिकल्यांच्या दोन रांगा, दुसरीच्या पोटात तेवढ्याच जागा.

"आगं बया," ती हळूच म्हणाली. "हिला तिची जागा ठावं हाय."

पायरी २ ते ५

(खोक्यात एक पुस्तक आहे. त्यात एकशे बारा पायऱ्या आहेत आणि शेवटी परदेशी किल्ला आहे, घोडेस्वारांसकट. हे पुस्तक मिटून ठेवायचं आहे.)

अश्विनी सावेडीतल्या एका बालवाडीत शिकवायची. रविवारी प्रदर्शन होतं. विषय मध्ययुग. प्रत्येक बाईंनी एक वास्तू करायची, स्वतःच्या डोक्यातली, पुस्तकातली चालणार नाही. तिनं बुरूज रचायला घेतला आणि तो वीतभर होऊन कोसळला. पुन्हा रचला, पुन्हा कोसळला.

"उतरंड लावतीस का काय?" साळूबाई पलंगावरून म्हणाली. "सांधा मोड की. खालच्या दोघींच्या मधी वरची बसव."

"मग ये ना, तूच लाव."

साळूबाईनं हात पदराला पुसले. खाली येऊन बसली. एक वीट उचलली आणि लेकीपुढं धरली.

"मी देते. तू लाव."

पायरी ०

चाळीस वर्षं ती देतच आली होती. विटा भिजवायच्या, डोक्यावरून वर न्यायच्या, मिस्तरीच्या हातात द्यायच्या. बिगारी बाईचं काम तेवढंच. विटा लावायच्या थापीला बाईचा हात लागत नसे. तसं कुणी कुठं लिहिलं नव्हतं. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

एकदाच तिनं ते मोडलं. केडगावला बंगल्याचं काम चालू होतं. गहिनीनाथ मिस्तरी पान आणायला गेला होता, माल सुकत होता. तिनं सात विटा लावल्या. दोरीला धरून, सांधे मोडून. मिस्तरी आला. ओरडला नाही. साती विटा काढल्या, एकेकीचा माल खरवडला आणि त्याच सात विटा त्याच जागी पुन्हा लावल्या.

"हां," म्हणाला. "आन पानी."

पायरी ६

"राजवाडा करू या?" अश्विनीनं विचारलं.

"राजा आत कसा ऱ्हातो मला काय ठावं. वेस करू."

घोडेगावच्या पलीकडे तिच्या माहेराला वेस होती. लहानपणी तिची दुरुस्ती निघाली, तेव्हा आईबरोबर साळूबाईनंही चुना वाहिला. भिंतीचं एक अंग उघडं पडलं होतं. बाहेरून घडीव दगड, जीभ फिरवावी इतके गुळगुळीत. आणि आत? आत नुसता खडी-चुन्याचा भराव. पाट्याच्या पाट्या. दहा वर्षांची ती त्या उघड्या भिंतीपुढे उभी राहिली होती आणि तिला कळलं होतं की तीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी बाया ह्या पाट्या डोक्यावर घेऊन इथंच वर चढल्या असणार.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. अश्विनी ऐकत राहिली. बोलता बोलता आईनं पहिली वीट लावली होती, दोघींच्याही लक्षात न येता.

टक्.

पायरी ७, ९, १०, पुन्हा ७

लागोपाठ तीन दुपारी त्यात गेल्या. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या झाल्या, आत बसायला ओटा झाला. वर तटाला असतात तशा दातेरी चऱ्या झाल्या. भिंतीचा पोकळ गाळा साळूबाईनं तुटक्या, रंग उडालेल्या, कशातच न बसणाऱ्या तुकड्यांनी भरला.

"आतलं कुणाला दिसणारे, आई?"

"दिसायला घालत्यात व्हय? वझं त्याच्यावर आसतं."

कमान मात्र आठ वेळा मोडावी लागली. ह्या विटांना गोलाई नाही. मग साळूबाई दोन्हीकडून एकेक टिकली पुढं काढत निघाली, खालून टेकू देऊन. दाबलं की टेकू सरकायचा आणि सगळं खाली यायचं. चौथ्या वेळी अश्विनी म्हणाली, "सरळ आडवी पट्टी टाकू ना, कोण बघतंय." साळूबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा ठेवायला उठली.

परत आली तेव्हा आई जमिनीला गाल लावून आडवी झाली होती, एक डोळा मिटून, त्या अर्धवट कमानीतून पलीकडे बघत.

"आशे, हितनं बैलगाडी जाईल बघ."

अश्विनी चहा खाली ठेवून शेजारी आडवी झाली. खालून पाहिल्यावर वेस प्रचंड होती. छतापर्यंत गेलेली. पंख्याचा वारा त्या दारातून यायचा आणि तोंडावर लागायचा.

पायरी (आकडा नाही)

शनिवारी सकाळी गहिनीनाथ मिस्तरी आला. मागच्याच गल्लीत राहायचा. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. अश्विनीनं दुधाच्या दुकानात सहज सांगितलं होतं, "आई वेस बांधतेय."

तो दारातच काठी टेकून उभा राहिला. साळूबाईनं त्याला पाहिलं. तिचा हात विटेवरून मागं आला.

"बसा, मिस्तरी."

तो बसला, फार हळू. वेशीला नाक लावल्यासारखा जवळ गेला. बोट एका सांध्यावरून फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. देवडीत बोट घातलं. भिंतीवर टिचकी मारून कान दिला.

"भरीव हाय," तो म्हणाला.

"व्हय."

त्याचा हात कमानीच्या टोकाशी पोहोचला. अर्ध्या विटेएवढं भोक उरलं होतं. सकाळपासून साळूबाई तिथंच अडली होती. त्यानं शेजारची एक वीट चिमटीत धरली. आता काढतो, असं दोघींनाही वाटलं.

त्यानं धरलेली सोडली.

"मी रेल्वेच्या पुलाला कमान बघितली हुती," तो म्हणाला. "लांबनं. आपल्या हातनं कदी झाली न्हाई. आपलं सगळं सलॅबचं." जरा थांबून म्हणाला, "हितं काय लागतंय?"

साळूबाईनं वर पाहिलं नाही. डावा हात टेकूला लावला आणि उजवा पुढं केला, पंजा उघडून.

"अद्धा."

मिस्तरीनं चष्मा पुसला. विटांच्या ढिगात बोटं घातली, एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला.

"हा मोठा झाला, मिस्तरी. दोनच टिकल्यांचा हुडका."

"आं? हां, हां," म्हणत त्यानं तो परत घेतला आणि पुन्हा शोधायला लागला.