मागचा सामना

हम्मादने तर्जनी दुआर्तेच्या नाकासमोर धरली आणि सावकाश डावीकडे नेली. दुआर्तेचे डोळे बोटामागून गेले. बोट उजवीकडे नेलं, डोळे तिकडेही गेले. वर, मग खाली. बुबुळं कुठे अडखळली नाहीत. भुवईच्या वरचं टेंगूळ मात्र बघताबघता निळं होत चाललं होतं.

"झालं?" दुआर्तेने विचारलं.

"नाही झालं. बस."

दोघांचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. हम्मादचं इंग्रजी मुंबईच्या मेडिकल कॉलेजातलं, दुआर्तेचं निरनिराळ्या देशांच्या ड्रेसिंग रूममधून गोळा केलेलं. वर्षाच्या सुरुवातीला दुआर्ते मस्कारेन्यश हे नाव ऐकून हम्मादला वाटलं होतं, गोव्याचा कोणी असेल. त्याने मोठ्या आपुलकीने म्हापशाची चौकशीही केली होती. दुआर्तेने त्याला आपलं गाव पोर्तुगालच्या नकाशावर दाखवलं आणि मग पुढे कितीतरी दिवस "काय डॉक्टर, म्हापसा काय म्हणतंय?" असं विचारून छळलं होतं.

आत्ता कोणाला चेष्टा सुचत नव्हती. अल सिद्रा या आखातातल्या फुटबॉल क्लबचा हा मोसमातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या श्रेणीत राहणार होता, हरला तर खाली घसरणार होता. मध्यंतराला सामना एक-एक असा बरोबरीत होता, आणि तो तसाच ठेवायचा तर बचावफळीच्या मधोमध कर्णधार दुआर्ते उभा हवा, हे त्या खोलीत कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. नेमकं त्याचंच डोकं मध्यंतराच्या जरा आधी समोरच्या आघाडीवीराच्या डोक्यावर आपटलं होतं. आवाज बाकापर्यंत आला. दुआर्ते पडला, उठला आणि हम्माद धावत पोहोचायच्या आतच "ओके, ओके" म्हणत त्याला हातानेच परत पाठवू लागला. या मोसमात डोक्याला बसलेला हा तिसरा मार.

"डॉक्टर," मागून शार्दूल मराठीत कुजबुजला. तो संघाचा फिजिओ, पुण्याचा. कोणाला कळू नये असं काही असलं की दोघं मराठीत बोलत. "शब्दांची यादी विचारण्यात अर्थ नाही. त्याला त्या सगळ्या पाठ आहेत."

"माहीत आहे रे."

माहीत होतंच. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला शब्द वाचून दाखवायचे आणि त्याने ते परत म्हणायचे, अशी ती चाचणी. पण याद्या ठरलेल्या असतात आणि जुने खेळाडू त्या घोकून ठेवतात. तरीही हम्मादने शब्द वाचले. दुआर्तेने ते धडाधड म्हणून दाखवले. महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले, तेही पाढे म्हणावेत तसे म्हटले.

"डॉक्टर, क्या प्रॉब्लम है?" फहद जवळ आला. तो संघाचा मॅनेजर, इथलाच, अंगातल्या पायघोळ अरबी कंदुऱ्याची बाही मागे सारायची सवय असलेला. हिंदी तो मोडकीतोडकी, पण बेधडक बोलायचा. "आदमी ठीक है. देखो, हँस रहा है. यल्ला, चलो."

"दो मिनट."

"दो मिनट, दो मिनट. डॉक्टर, मुश्किल मत करो."

त्याच्या मागे कोच उभा होता. तो हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सारखं उघडत-लावत होता.

कागदावर या बाबतीत डॉक्टरचा शब्द शेवटचा. पण हम्मादची नोकरीही कागदावरचीच होती. मुसफ्फाच्या कामगारवस्तीतल्या क्लिनिकमध्ये खोकले-ताप बघत बसलेल्या या म्हसळ्याच्या डॉक्टरला क्लबने वर्षाच्या कराराने घेतलं होतं. मोहम्मद बिन झायद सिटीतला व्हिला, बायको नबिलाचा आणि मुलांचा व्हिसा, सगळं त्या एका करारावर उभं. तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे फहद आज-उद्यात ठरवणार होता. कर्णधाराला बाहेर बसवून सामना घालवणाऱ्या डॉक्टरला कोण ठेवतं?

आणि खरं सांगायचं तर बोट ठेवावं असं हम्मादकडे काही नव्हतं. दुआर्तेचे डोळे ठीक होते. एका पायावर तोल ठीक होता. उलटी नव्हती, गरगरत नव्हतं; निदान तो तसं म्हणत होता. हम्मादचं मन तेवढं नाही म्हणत होतं, आणि मनाचं ऐकायची ती जागा नव्हती. आता साधे प्रश्न विचारायचे राहिले होते. त्यांची उत्तरं बरोबर आली की आपण याला सोडणार, हे त्याला स्वतःपुरतं कळून चुकलं होतं. त्या विचाराने त्याची त्यालाच लाज वाटली.

"आपण कुठे आहोत?"

"आपल्याच मैदानावर. दुर्दैवाने."

दोघंतिघं हसले.

"शेवटचा गोल कोणी केला?"

"त्यांच्या नऊ नंबरने. माझ्या खांद्यावरून. परत सांगायला लावू नका."

"मागचा सामना आपण कोणाशी खेळलो?"

 दुआर्तेने आधी कोचकडे बघितलं, मग हम्मादकडे. नुसतं बघत राहिला. दोनदा मोडून वाकडं बसलेलं ते नाक, भुवईवरचं टेंगूळ आणि त्याखाली ते डोळे. त्यांत काहीतरी मागणं होतं असं हम्मादला वाटलं.

"आठवत नाही," दुआर्ते म्हणाला.

 मागचा सामना गेल्याच आठवड्यात फुजैराला झाला होता. गरम वारा सुटलेला, दातांखाली वाळू, आणि शून्य-शून्य. शेवटच्या क्षणी गोलरेषेवरून चेंडू परतवून दुआर्तेनेच तो एक गुण वाचवला होता आणि पोरांनी त्याला उचलून बसपर्यंत नेलं होतं. तो सामना विसरेल असा माणूस त्या खोलीत नव्हता.

"मजाक कर रहा है," फहद म्हणाला.

"खलास," हम्माद म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "तो खेळणार नाही. दुसरा उतरवा."

कोचने हातातली पाण्याची बाटली भिंतीवर फेकली. मग वासिफला हाक मारली. वासिफ राखीव बचावपटू. मोसमभरात मोजकेच सामने खेळलेला. त्याने बूट आवळायला घेतले तेव्हा त्याची पाचावर धारण बसलेली सगळ्यांना दिसत होती.

सामन्याचा उत्तरार्ध हम्मादने बाकावर दुआर्तेच्या शेजारी बसून काढला. त्याच्या मानेवर बर्फाची पिशवी होती. हम्माद दर थोड्या वेळाने विचारायचा, डोकं दुखतंय? मळमळतंय? दुआर्ते मान हलवायचा आणि पुन्हा मैदानाकडे वळायचा. कोच मागे वळून पाहत नव्हता.

विचित्र होतं ते हे, की खेळ दुआर्तेला लख्ख दिसत होता.

"वासिफ फार पुढे जातोय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "त्याच्या पाठीमागची जागा बघा डॉक्टर. नऊ नंबर तिकडेच घिरट्या घालतोय. तिथूनच येणार तो."

हम्माद त्याच्याकडे बघत राहिला. ज्याला गेला आठवडा आठवत नाही तो असं बोलेल? शंका एकदा मनात शिरली की माणसाला स्वस्थ बसू देत नाही. याने मला बनवलं की काय?

सामना संपत आला असताना चेंडू उजवीकडून आला, वासिफच्या पाठीमागे पडला, आणि नऊ नंबरने तो डोक्याने आत घातला. अगदी त्याच जागेतून. स्टेडियममध्ये एक लांब सुस्कारा उमटला. दुआर्तेने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. दोन-एक. अल सिद्रा खालच्या श्रेणीत गेला.

त्यानंतरचं बोलणं फहदच्या खोलीत झालं. ओरडाआरडा झाला असता तर हम्मादने सोसला असता. फहदने त्याला चहा दिला. कंदुऱ्याची बाही मागे सारली, पुढे घेतली.

"तुम अच्छा आदमी है, डॉक्टर," तो म्हणाला. "लेकिन सब लोग पूछ रहा है. ऊपर से फोन आया. मैं क्या बोलूँ?"

"जो करना था वही किया. रूल है, फहद."

"हाँ, हाँ. रूल." त्याने कप खाली ठेवला. "सोमवार को ऑफिस में आना. इन्शाल्ला, अच्छा होगा."

इतकी वर्षं इथे काढल्यावर या 'इन्शाल्ला'चा अर्थ गोड शब्दांतला नकार, हे हम्मादला कोणी सांगायला नको होतं. नबिलाला काय सांगायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत तो पार्किंगमध्ये आला. हवा अजून भट्टीसारखी होती. बहुतेक गाड्या निघून गेल्या होत्या. शार्दूलला त्याने दुआर्तेसोबत थांबायला सांगितलं होतं. तो लांब गेटपाशी फोनवर बोलत उभा होता, आणि दुआर्ते एकटाच आपल्या गाडीला टेकून हम्मादची वाट बघत होता.

"डॉक्टर. तुम्हाला काही सांगायचंय."

"उद्या सांग. आज डोकं तपासून घ्यायचंय तुझं. स्कॅन करू."

"काही गरज नाही." दुआर्तेने खाली बघितलं. "मला आठवत होतं."

हम्माद थांबला.

"तुम्ही विचारलंत ना, मागचा सामना. मला आठवत होतं. मी खोटं बोललो."

 हम्मादचा संताप एकदम वर आला.

"का?"

"सगळं आयुष्य मी 'ठीक आहे' म्हणत आलो. नाक मोडलं तेव्हा, बरगडी गेली तेव्हा. ग्रीसमध्ये, तुर्कस्तानात, इथे. आज धडकलो तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, डॉक्टर. खरंच भीती वाटली. पण बचावपटूने हात वर करून 'मला बाहेर घ्या' म्हटलं की संपलं. मी नाही म्हटलं तर मी भित्रा. तुम्ही नाही म्हटलं तर तो नियम."

"म्हणून माझ्या डोक्यावर खापर?"

"हो," दुआर्ते म्हणाला. त्याने सारवासारव केली नाही.

"माझी नोकरी गेली, दुआर्ते! कळतंय का तुला? सोमवारी बोलावलंय मला. घर क्लबचं, व्हिसा क्लबचा. बायको दोन मुलांना घेऊन घरी बसलीय, तिला मी काय सांगू? एकाला भीती वाटली म्हणून आपण सामान बांधायचं?" त्याने गाडीच्या टपावर हात आपटला. "आत, त्या खोलीत, माझ्या कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी काहीतरी केलं असतं. तुला मी काय कोचसारखा वाटलो?"

"सॉरी. मी उद्या फहदकडे जातो. सांगतो त्याला, डॉक्टरची काही चूक नाही, मीच फसवलं. तो मानेल. मागचा सामना कोणी विसरतं का, त्यालाही कळेल." दुआर्ते हसला. त्याचा चेहरा एकदम मोकळा, तरुण दिसायला लागला. "आणि असला सामना! चिखल एवढा की बूट उपटून काढावे लागत होते. पाऊस थांबायलाच तयार नाही. डावीकडे तोमे सारखा घसरतोय, मी त्याला शिव्या घालतोय, आणि पठ्ठ्या हसतोय. मग शेवटी तो कॉर्नर. माझा हेडर. दोन-शून्य!"

हम्मादने काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

संघात तोमे नावाचं कोणी नव्हतं. चिखल या देशात हम्मादने कधी पाहिलाच नव्हता. पोर्तुगालमधलं एखादं ओलं मैदान, विशीतला दुआर्ते, त्याच्याबरोबरचा कोणी तोमे. त्याने सामना बरोबर सांगितला होता, पण तो कितीतरी वर्षांपूर्वीचा.

"हा सामना कधी झाला?" त्याने हळूच विचारलं.

"कधी म्हणजे?" दुआर्तेने त्याच्याकडे असं बघितलं की जणू मार हम्मादच्याच डोक्याला लागला होता. "गेल्या आठवड्यात."

हम्मादचा राग कुठल्या कुठे गेला.  दुआर्तेने खिशातून चावी काढून बटण दाबलं होतं. गाडीचे दिवे लुकलुकले होते. पुढे हमरस्ता होता, आणि त्यावर सुसाट धावणारी वाहनं.

"चला, मी निघतो," दुआर्ते म्हणाला.

हम्माद त्याच्या आणि गाडीच्या दाराच्या मधे येऊन उभा राहिला. आवाज पोहोचेल एवढाच चढवून, पण गप्पा मारल्यासारख्या सुरात त्याने गेटकडे बघून मराठीत हाक दिली, "शार्दूल, फोन ठेव आणि माझी गाडी इकडे आण. धावू नकोस. हॉस्पिटलला जायचंय, आत्ताच्या आत्ता."

शार्दूलने त्याच्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

"काय झालं?" दुआर्तेने विचारलं. "मी ठीक आहे, डॉक्टर. सांगितलं ना, खोटं बोललो होतो."

"हो, सांगितलंस."

"अजून रागावला आहात माझ्यावर?"

"नाही."

"पण काय हेडर होता, सांगा ना! तुम्ही होतात ना बाकावर? पाहिलात ना?"

"पाहिला की," हम्माद म्हणाला. "दोन-शून्य." आणि त्याने दुआर्तेच्या तळहातातली चावी हळूच काढून घेतली.