अकरा सेकंदांची जागा

पाच मिलिसेकंद.

दिंडोशीच्या सभागृहात दोनशे खुर्च्या, चार पंखे. तीन फिरतात.

बुवांच्या वहीचं पान बुवा स्वतः उलटत नाहीत.

कणकवलीची गाडी मालाडहून साडेपाचला सुटते.

गुणाजी परब, वय अडुसष्ट. उजवं मनगट. ऑपरेशन बुधवारी. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर पखवाज विसरा.

म्हणून रविवारची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर भजनाचा सामना, गुणाजींची शेवटची. त्यांच्या मुलाला, नितेशला, ती रेकॉर्ड करायची होती. आधीच्या चाळीस वर्षांचं वाजवणं कुठेच नव्हतं. एक कॅसेट होती, तिच्यावर कोणीतरी हळदीचा कार्यक्रम भरला होता.

नितेश आवाजाचे प्रोग्राम लिहितो. त्याने एक लिहिला: पखवाजाचा माइक लॅपटॉपमध्ये, तिथून सरळ स्पीकरवर, आणि जाता जाता फाइलमध्ये. गुरुवारी तालमीत स्पीकर मध्येच टक् करायला लागला.

"माझ्या हाताक उचकी लागली काय रे?" गुणाजींनी विचारलं.

"हात ठीक आहे. प्रोग्राम अडकतोय."

स्पीकरला आवाजाचा नवा तुकडा दर पाच मिलिसेकंदांनी लागतो. तेवढ्यातच नितेश डिस्कवर लिहायलाही बघत होता. डिस्क कधी लगेच घेते, कधी ताटकळत ठेवते. ताटकळलं की टक्.

"मगे वाजवणाऱ्याकच लिहूक कित्याक लावतस? बुवा गातत. पान उलटूक मागे प्रीतम बसता. बुवा कधी वळान बघतत?"

शुक्रवारी नितेशने कामाचे दोन भाग केले. पुढचा फक्त वाजवतो आणि आवाज मेमरीतल्या एका गोल जागेत टाकत जातो. मागचा तिथून उचलून, जमेल तसं, फाइलमध्ये लिहितो. गोल म्हणजे शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून; तिच्यात मावतं दोन सेकंदांचं.

"आणि मागचो दमलो तर?"

"तर तेवढं सांडतं. पुढचा थांबत नाही."

"तसाच होया."

रविवारी दुपारी तीनला सुरुवात. एकदाही टक् नाही. पावणेपाचला मंडळाचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश पेनड्राइव्ह घेऊन आला.

"मध्यंतरापर्यंतचं ह्यात टाक. कणकवलीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो, गावाला वाट बघतायत."

"संपल्यावर देऊ ना यार."

"मग ड्रायव्हरला सांगू, गजर होईपर्यंत थांब म्हणून?"

नितेशने कॉपी लावली. डिस्क जुनी फाइल वाचायला लागली. स्टेजवर गजर, भजनाचा शेवटचा चढत्या लयीचा भाग, सुरू झाला. गुणाजींनी लय वाढवली, मग आणखी वाढवली. समोरच्या मंडळाचा पखवाजवालासुद्धा उठून उभा राहिला. स्पीकरने एकदाही टक् केलं नाही.

सोमवारी दोघांनी घरी ऐकलं. गजर, लय वाढली, आणि एकदम टाळ्या.

"मधला खय गेला?"

"अकरा सेकंद सांडले, बाबा. कॉपीमुळे डिस्क अडकली. मागचा मागे राहिला."

"माझो हात थांबलो काय?"

"नाही."

गुणाजींनी चहा संपवला. "मगे तेवढी जागा ठेव. टाळये लगेच नको."

नितेशने तिथे अकरा सेकंदांची शांतता घातली. गुणाजींनी फाइल परत लावायला सांगितली. शांतता आली तशी ते डाव्या हाताने मांडीवर वाजवायला लागले. पहिल्यांदा टाळ्या आधी आल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ते आणि टाळ्या एकदम पोचले.

"आता रवांदे तसाच," ते म्हणाले.

कणकवलीहून फोन आला. पेनड्राइव्ह पोचला, आवाज झकास आहे.

शुक्रवारी गोल जागेसाठी नितेशने आधी २० सेकंद लिहिले होते. एवढे कशाला लागतात म्हणून त्याने शून्य खोडलं.