शेवटच्या रांगेतला कान

तीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत बसल्यामुळे ऐकून घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. समोरचा बोलत असताना दर तीन वाक्यांनी "हो, समजलं" म्हणायचं आणि चेहरा काळजीचा ठेवायचा, एवढंच त्यात कसब. पण मी निवृत्त झालो आणि लोक पुटपुटायला लागले. मुलगी फोनवर पुटपुटायची, बातम्या देणारे पुटपुटायचे, शेजारी तर नुसतेच ओठ हलवायचे. सगळ्या जगाचा घसा एकदम कसा बसला, यावर मी बराच विचार केला होता. दोष आपल्या कानात असेल ही शंका आलीच, तर तिला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवायचो.

त्यामुळे बायको बुधवारी मला जुन्या शहरातल्या सभागृहात आवाज तपासायला घेऊन गेली, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी इस्त्रीचा शर्ट घातला.

रविवारी तिथे तिचं गाणं होतं, आयुष्यातलं पहिलं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जन्मभर लोकांचं रक्त तपासलेल्या या बाईने साठीत गाणं शिकायला घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी मुलाकडे परगावी गेल्या, आणि तेव्हापासून तिचं गाणं ऐकायला मी एकटाच उरलो. रोज सकाळी ती आतल्या खोलीत गायची, मी बाहेर पेपर वाचायचो, आणि गाणं थांबलं की "वा" म्हणायचो. हल्ली ती फार हळू गाते असं वाटायचं, पण उगाच कशाला तिचं मन मोडा, म्हणून गप्प होतो.

सभागृह म्हणजे पूर्वीची धान्य तोलायची जागा. दोन चिंचोळ्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, जाड दगडी भिंतींचं, जेमतेम सत्तर खुर्च्यांचं. तराजू टांगायचा लोखंडी आकडा अजून तुळईला होता. माइकला इथे बंदी, कारण दगडात आवाज घुमून शब्दांचा लगदा होतो. गायचं ते उघड्या गळ्याने. देखरेख करणाऱ्या बाईंनी हे सगळं मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ते मला ऐकू आलं नव्हतं.

या सभागृहात टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, असं त्या म्हणाल्या आणि मला शेवटच्या रांगेत बसवून स्वतः मंचावर गेल्या. बायको तिची वही चाळत होती. बाईंनी हात वर केला. मी मान डोलावून म्हणालो, "वा! अगदी स्पष्ट." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. टाचणी अजून त्यांच्या बोटांत होती. मग त्या बादली घेऊन बाहेर पायऱ्या पुसायला गेल्या.

बायको मंचावर उभी राहिली. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मी हाताने "मोठ्याने" अशी खूण केली. दुसऱ्या वेळी थोडीशी गुणगुण आली. तिसऱ्या वेळी तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला एवढ्या लांबून दिसल्या, पण शब्द एकही पोचला नाही. बिचारीचा आवाज गेला, असं मला मनापासून वाटलं. सत्तर माणसांसमोर फजिती होण्यापेक्षा आत्ता कटू सत्य सांगणं हे नवऱ्याचं कर्तव्यच, असं ठरवून मी जड पावलांनी पुढे गेलो आणि ते पार पाडलं.

ती मंचाच्या कडेला बसली. "मग रविवारचं रद्दच करू या," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली की आलोच आहोत तर एकदा पूर्ण गाते, स्वतःसाठी.

ती गायला लागली, आणि मी माझी पिशवी आणायला मागे गेलो. दाराबाहेर पायऱ्यांवर त्या बाई उभ्या होत्या. पोछा भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले, आणि बोटं कठड्यावर ताल धरून होती. मंचापासून त्या माझ्या खुर्चीपेक्षाही वीसेक पावलं लांब होत्या. मी जाऊन विचारलं, "तुम्हाला ऐकू येतंय?" त्या काहीतरी म्हणाल्या. मी परत विचारलं. मग त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "शब्द न् शब्द."

कार्यक्रम रद्द झाला असता तर माझं बिंग कधीच फुटलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ थांबलाही. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मग मी तिच्याकडे गेलो.

"तुझा आवाज ठणठणीत आहे," मी म्हणालो. "माझे कान गेलेत."

"कधीपासून?"

"असतील दोनेक वर्षं."

तिने वही मिटली. "मग रोज 'वा' कशाला म्हणत होतात?"

"तुझं थांबलं की म्हणायचो."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं एका खुर्चीकडे बोट दाखवलं. मी ती मंचावर नेली आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो, बरा असलेला डावा कान पुढे करून.

तिने सुरुवात केली, आणि दोन वर्षांनी मला तिचा गाता आवाज नीट ऐकू आला. थोडा खरखरीत, थोडा थकलेला, पण तिचाच. मला त्याची किती आठवण येत होती हे मला माहीतच नव्हतं. डोळे भरून आले. ही चाल तिच्या गाण्याच्या बाई शिकवायच्या तेव्हापासून माझ्या ओळखीची होती, म्हणून दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सुरावर जाताना काहीतरी खुपलं. गाणं संपलं. जुन्या सवयीने "वा" अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"दुसऱ्या अंतऱ्यात वरचा सूर उतरतो," मी म्हणालो. "पोचत नाहीस तू तिथे."

तिने वही परत उघडून दुसऱ्या अंतऱ्यावर बोट ठेवलं.

"दोन वर्षं मी तो तसाच घोटतेय," ती म्हणाली. "रोज."

रविवारला चार दिवस होते. मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि तिला म्हणालो, परत म्हण.