भय्यासाहेबांची चाल

“नुसतं चालायचं?” माणिक सुपेकरने पुन्हा विचारलं.

“बस, चलना है,” दिग्दर्शक निहारिका म्हणाली. “इन चादरों के बीच से, उस दरवाज़े तक. पीठ कॅमेरे की तरफ. चेहरा हम बाद में लगा लेंगे.”

माणिकने दरवाजा पाहिला. उज्जैनजवळच्या भैरवगढच्या त्या चादर-छपाई कारखान्यामागे दोऱ्यांवर ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी वाट होती. उंची नाही, आग नाही, फुटणारी काच नाही. आतून लाकडी ठशांचा ठप ठप आवाज येत होता. घरून तो गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड बांधून आला होता, ते आता कपड्यांच्या आत उगाच टोचत होते.

“यात डबल कशाला लागतो?” त्याने आदित्यला विचारलं. आदित्य या सीरिजचा अॅक्शन डायरेक्टर, माणिकच्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा.

“भय्यासाहेबांनीच सांगितलं, दादा. माणिकला बोलवा, नाही तर मी काम करत नाही.”

हेच माणिकला खटकत होतं.

यशोधन जटार हे देवासच्या जहागीरदार घराण्यातले. सिनेमात गेले तरी घरचं ‘भय्यासाहेब’ हे नाव त्यांना तिकडेही चिकटलं. एके काळी त्यांच्या उड्यांवर थिएटरात शिट्ट्या वाजत. त्या उड्या माणिकच्या होत्या. उज्जैनच्या आखाड्यात मल्लखांबावर वाढलेला हा मुलगा उंचीला, खांद्याला, पाठीला हुबेहूब भय्यासाहेबांसारखा होता. त्यांच्यासारखं चालायला तो शिकला, वळायला शिकला, आणि पुढे वीसेक वर्षं त्यांच्या वाटचं पडत राहिला. मग एकदा गिरणीच्या छपरावरून मारलेली उडी चुकली. खाली झेलायला ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी नीट रचलेली नव्हती. खांद्याचा चुरा झाला. हॉस्पिटलच्या वॉर्डात टीव्ही चालू होता आणि त्यावर भय्यासाहेब हसत हसत सांगत होते, “स्टंट मी स्वतःच करतो. डुप्लिकेट मला आवडत नाही.”

त्यानंतर माणिक उज्जैनला परतला आणि माधव नगरच्या एका शाळेत मुलींना मल्लखांब शिकवू लागला. भय्यासाहेब भेटायला आले नाहीत. फोनही नाही. मोठे सिनेमे गेले, मग त्यांना वडिलांचे रोल मिळायला लागले, मग तेही थांबले. आणि गेल्या आठवड्यात अचानक त्यांचाच आवाज फोनवर. “माणिक, येतोस का रे?”

“इतक्या वर्षांत विचारलं नाही, जिवंत आहे की मेला,” त्याची बायको उषा म्हणाली होती. “अन् आता एकदम प्रेम आलं? काही तरी चक्कर आहे. सांभाळून राहा.”

सेटवर आल्या आल्या माणिकला वाटलं, चक्कर सापडला. आदित्यने त्याला सकाळीच एका तंबूत नेलं होतं. तिथे चहूबाजूंनी कॅमेरे लावले होते. अंगाला चिकटणारा काळा सूट घालून, त्यावर पांढरे ठिपके लावून, त्याला चालायला लावलं, बसायला लावलं, उठायला लावलं. कशासाठी, तर म्हणे कंप्यूटरसाठी. म्हणजे एकदा त्याचं अंग त्या मशीनमध्ये भरलं, की भय्यासाहेब ऐंशीव्या वर्षीही छपरांवरून उड्या मारणार आणि माणिकला कोणी विचारणार नाही.

“आधी मी त्यांना भेटतो,” तो निहारिकाला म्हणाला. “फिर चलूंगा.”

व्हॅनमध्ये भय्यासाहेब एकटेच सोफ्यावर बसले होते. केस काळेभोर केलेले, उजवा हात जाकिटाच्या खिशात. ते उठले नाहीत.

“ये. लठ्ठ झालास रे.”

“तुम्ही पण.”

चहा आला. माणिकने कप संपवला. भय्यासाहेबांचा कप तसाच राहिला. पूर्वी एका ग्लासातून दोघं प्यायचे. आता समोर बसून चहा प्यायलाही याला कमीपणा वाटतो, असं माणिकच्या मनात आलं.

“भय्यासाहेब, सीधं सांगा. मला कशाला बोलावलं?”

“माझ्यासारखं चालणारा दुसरा कोण आहे?”

“तुम्ही स्वतः आहात की.”

त्यांनी डाव्या हाताने खिडकीचा पडदा ओढला.

“तंबूत माझं माप घेतलं. ते कशाला?”

“ते पोरांचे खेळ आहेत. मला नाही कळत.”

“मी परत तिथे उभा राहणार नाही.”

“नको राहूस.”

इतक्या सहज ते कबूल झाले की माणिकचा संशय आणखी वाढला. या माणसाने आजवर कुठलीच गोष्ट भांडल्याशिवाय सोडली नव्हती. टीव्हीवरच्या त्या मुलाखतीचं विचारावं, असं त्याच्या ओठावर आलं. पण तो उठला.

“चहा गार झाला तुमचा.”

“असू दे.”

चादरींमधून माणिक चालला. छाती किंचित पुढे, उजवा हात ऐटीत झुलणारा, प्रत्येक पाऊल टाच आधी. अंगात मुरलेली चाल होती, आठवावी लागली नाही.

“कट! बहुत बढ़िया,” निहारिका म्हणाली. मग तिने त्याला बाजूला घेतलं. मुलगी तिशीच्या आतबाहेरची, बोलायला मऊ, पण नजर एका जागी ठरत नव्हती. “ये सर की पुरानी चाल है ना?”

“जी.”

“अब वो ऐसे नहीं चलते. आपने देखा?” तिने आवाज आणखी खाली आणला. “सुपेकरजी, आप उनको सबसे ज़्यादा जानते हैं. उन्हें कुछ हुआ है क्या? निर्माता पूछ रहे हैं. अभी दो ही दिन का काम हुआ है, अभी बदल सकते हैं. दूसरे अॅक्टर से बात भी हो चुकी है. बाद में पता चला तो मैं भी डूबूंगी.”

“मी... मैं तो आज ही मिला हूं,” माणिक म्हणाला.

तेवढ्यात व्हॅनचं दार उघडलं आणि भय्यासाहेब खाली उतरले. माणिकने इतकी वर्षं ज्या नजरेने त्यांना पाहिलं होतं, त्याच नजरेने पाहिलं. आधी पाय, मग कंबर, मग खांदे. पावलं छोटी पडत होती. टाच उचलली जात नव्हती. उजवा हात अंगाला चिकटलेला, झुलायचं विसरल्यासारखा. आणि हात खिशातून निघाला तेव्हा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जसं कोणी तंबाखू मळावी. भय्यासाहेबांनी तंबाखूला कधी हात लावला नव्हता. माणिकच्या सासऱ्यांच्या कंपवाताची सुरुवात अशीच झाली होती.

त्याला चहाचा तो भरलेला कप आठवला.

क्षणभर त्याला बरं वाटलं, हे कशाला नाकारायचं? सांगून टाकावं या मुलीला. तिचंही चुकत नव्हतं. आणि टीव्हीवर हसणाऱ्या त्या तोंडाला कळू दे एकदा, पडणं म्हणजे काय.

पण तो चादरींकडे निघून गेला.

आदित्य पाणी घेऊन आला. “दादा, क्या चाल आहे तुमची! ऐका, मी इंदूरला ट्रेनिंग सेंटर काढतोय. नवीन पोरांना पडायला शिकवायचं. उस्ताद तुम्हीच. पप्पा म्हणतात, माणिकच्या हातून कधी कोणाला खरचटलंसुद्धा नाही.”

हे खरं होतं. माणिकला आयुष्यात कशाचा गर्व होता तर एवढ्याचाच. स्वतःची हाडं मोडली, पण समोरच्याला कधी इजा केली नाही. त्या सेंटरच्या विचाराने तो सुखावला. उषाला घरी गेल्यावर सांगायचं त्याने ठरवूनही टाकलं.

दुपारच्या शॉटमध्ये डबलचा उपयोग नव्हता. चेहऱ्याजवळ कॅमेरा होता. भय्यासाहेबांचा निवृत्त पोलीस अधिकारी आपल्या जुन्या मित्रासमोर बसतो, जगमधून ग्लासात पाणी ओततो आणि एक वाक्य बोलतो. निहारिका मुद्दामच त्या जगवर अडून बसली आहे, असं माणिकला वाटलं. तिला बघायचंच होतं.

भय्यासाहेब वाक्य बोलले, आणि सुंदर बोलले. मग त्यांनी जग उचलला. जगची चोच ग्लासाच्या काठावर टकटक वाजू लागली. पाणी टेबलावर सांडलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला, तरी टकटक थांबली नाही. ‘कट’ कोणीच म्हटलं नाही. कॅमेरा चालूच राहिला.

भय्यासाहेबांनी मान वर केली आणि माणिककडे पाहिलं.

ती नजर माणिकच्या ओळखीची होती. छपराच्या कडेपर्यंत भय्यासाहेब यायचे, कॅमेरा थांबायचा, आणि ते असेच मागे बघायचे. मग ते बाजूला व्हायचे आणि माणिक पुढे जायचा.

“मॅडम, माझी चूक आहे,” माणिक मोठ्याने म्हणाला. तो आधीच प्रकाशात येऊन उभा राहिला होता. “सकाळी व्हॅनमध्ये जुना डाव दाखवायला गेलो मी. उनकी कलाई मुड़ गई. माझ्या हातून झालं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, मला काढून टाकाल म्हणून.”

निहारिकाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. “सच है, सर?”

भय्यासाहेबांनी जग खाली ठेवला. मग त्यांच्यातला नट जागा झाला. “छोड़ो ना. पुराना आदमी है. जोश में आ गया.”

“डॉक्टर बुलाती हूं.”

“मोच है, बेटा. यही बांध देगा. इसने बहुत बांधी हैं.”

माणिकने क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं आणि हात गळ्यात बांधला. गाठ मारताना त्या हाताची थरथर त्याच्या दोन्ही तळव्यांत उतरली. भय्यासाहेब त्याच्याकडे बघत नव्हते. निहारिकाने फोनवर कोणाशी तरी बोलून ठरवलं, त्या पोलीस अधिकाऱ्याचा हात मोडलेलाच दाखवायचा. तिचा विश्वास बसला होता की नाही, कोण जाणे. पण आता तिच्याकडे निर्मात्याला सांगण्यासारखं काही तरी होतं.

आदित्य माणिकला गेटपर्यंत सोडायला आला.

“दादा, राग मानू नका. पण हिरोला हात लावायचा अन् तोही न सांगता? या वयात? सेंटरवर पोरांच्या जिवाची जबाबदारी असते...”

“समजलं,” माणिक म्हणाला. “बरोबर आहे तुझं.”

घरी उषाने विचारलं, “मग? काय पाहिजे होतं त्यांना?”

“माहीत नाही,” तो म्हणाला आणि पॅड सोडत बसला. रिक्षातून येताना एकच विचार त्याला छळत होता. ती नजर अचानक आली नव्हती. भय्यासाहेबांना ठाऊक होतं आपला हात कधी तरी उघडा पडणार, आणि तेव्हा कोण पुढे येणार, हेही ठाऊक होतं. चालायला बोलावलं हे निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन तो जेवत होता, तेव्हा उषा गॅलरीतून म्हणाली, “अहो, गाडी थांबली खाली. तुमचे भय्यासाहेब. हात गळ्यात आहे. जा ना, घेऊन या वर. लिफ्ट नाही आपल्याकडे.”

“येऊ दे.”

“अहो, तिसरा मजला आहे!”

“येऊ दे म्हटलं ना.”

त्याने दार उघडलं आणि हात न धुता तिथेच उभा राहिला. जिन्यातून चपलांच्या फरफटीचा आवाज येऊ लागला. मधे मधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कोणी सोबत नव्हतं. बऱ्याच वेळाने भय्यासाहेब वर आले, घामाने काळा रंग कानशिलावर उतरलेला. खुर्चीत बसून ते डाव्या हाताने पाणी प्यायले.

“मला चालायला बोलावलं नव्हतं तुम्ही,” माणिक म्हणाला.

“नाही.”

“पडायला बोलावलं.”

“हो.” ते उषाकडे बघून म्हणाले, “वहिनी, याच्याशिवाय दुसरं कोणी पडलं नसतं.”

“अन् टीव्हीवर म्हणालात डुप्लिकेट आवडत नाही. मी वॉर्डातून बघत होतो.”

“कळलं होतं मला ते. म्हणूनच तोंड दाखवलं नाही.”

माणिकला वाटलं होतं, खरं ऐकलं की राग जाईल. राग गेला नाही. पण आता भय्यासाहेब काय लपवतायत हे शोधायचं उरलं नव्हतं, आणि त्यामुळे घरात जरा मोकळं झालं.

“आदित्यला मी सांगतो, तुझी काही चूक नव्हती,” भय्यासाहेब म्हणाले.

“आत्ता नका सांगू. काम पुरं होऊ दे तुमचं.”

“नंतर तो मानेल?”

“नाही मानणार,” माणिक म्हणाला. “चहा घ्या. कप अर्धाच भरायला सांगतो.”

चढण्यापेक्षा उतरणं अवघड होतं. माणिक सोबत निघाला. दुसऱ्या मजल्यावर मागून दार उघडलं आणि तिथे राहणाऱ्या जयूताई पिशवी घेऊन बाहेर आल्या.

“माणिकभाऊ! मोठे भाऊ आले वाटतं? पाठीवरून एकदम सेम टू सेम हो.”

भय्यासाहेब वळले. चेहऱ्यावर ते हसू आलं, जे बघून लोक ओरडायचे. जयूताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, नमस्कार केला आणि उत्तराची वाट बघत राहिल्या. ओळख काही पटली नाही. हसू थोडा वेळ तसंच राहिलं.

“मोठा हा आहे,” भय्यासाहेब म्हणाले. “मी धाकटा.”

ते माणिकपेक्षा चार वर्षांनी मोठे होते.

“हो,” माणिक म्हणाला. तो एक पायरी खाली उतरला आणि आपला खांदा त्यांच्या हाताखाली येईल असा उभा राहिला.