वाघजाईचं संमतीपत्र

आम्ही तळेकोंडातले गुरव. सात पिढ्या वाघजाईची पूजा करतोय, पण देवीच्या वतीने सरकारला कागद लिहून देणारा पहिला गुरव मीच, रावजी. घराण्याचं नाव काढलं म्हणायचं! बाकीच्यांनी नुसती फुलं वाहिली.

झालं असं, की ब्याऐंशी साली माझ्या बायकोचे, राहीचे, डोळे बिघडले. तिला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं आणि माझ्यावरच खेकसला, "चुलीच्या धुराने डोळे कामातून चाललेत हिचे. आधी धूर बंद करा. मग ऑपरेशन करून एखादा वाचवता येईल." राही घरी आली, फुंकणी घेतली आणि पुन्हा चुलीपुढे बसली. जेवायला तर हवंच ना! मला माझीच लाज वाटली.

त्याच सुमाराला गोबरगॅसची योजना आली. कर्ज बँक देणार, बँकेला हमी सरकार देणार. आपण चार जनावरं दाखवायची आणि कागद आणायचे. जनावरं गोठ्यात होती. कागद असून असून किती असतील, असं मला वाटलं. काय सांगू तुम्हाला, माणसाने इतकं भाबडं असू नये.

रत्नागिरीच्या कचेरीत जुवळे भाऊसाहेब होते. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगतो. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचा. पण कागदाच्या बाबतीत इतका सोवळा माणूस मी बघितला नाही. त्याने माझा सातबारा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "रावजी, ही जमीन तुमची नाही."

"देवीची आहे. पूजा करतो म्हणून आम्ही ती कसून खातो. खड्डा आमच्या गोठ्यामागे खणायचाय."

"मग मालकाचं संमतीपत्र लागेल."

"मालक म्हणजे देवी?"

"सातबाऱ्यावर नाव आहे तो मालक. श्री देवी वाघजाई, राहणार तळेकोंड."

मी हसलो. तो हसला नाही.

आता देवीला काही विचारायचं तर आमच्याकडे रीत आहे. कौल लावायचा. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, भांडण, चुकलेला बैल, सगळं आम्ही असंच विचारतो. सरकारी हमीबद्दल मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळा गाव लोटला. मी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवी म्हाराजा, तुझ्या जागेत नमुना सातप्रमाणे गॅसचा संच बसतोय, सरकार बँकेला हमी देतंय, तर तुझी लेखी संमती असू दे म्हाराजा!" गाव ओरडला, "होय म्हाराजा!" आणि उजवी पाकळी टपकन खाली आली. पंचनामा केला, पाच जणांच्या सह्या घेतल्या, पाकळी टाचणीने कागदाला लावली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने कचेरी गाठली.

"मूळ पाकळी जोडलीत ते बरं केलंत," जुवळे म्हणाला. "पण अर्ज तीन प्रतींत असतो."

"पाकळी एकच पडली हो."

"बाकी दोन सत्यप्रती चालतील."

झालं! घरच्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडल्या, कागदांना लावल्या आणि शाळेत हेडमास्तरांकडे नेल्या. त्यांनी मूळ पाकळीशी ताडून पाहिल्या आणि दोन्हींखाली 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. शिकलेला माणूस, पण काही विचारलं नाही. सरकारी नोकरी असली की सवय होते.

महिन्याने पत्र आलं, भेटा. गेलो. जुवळे आवाज खाली आणून म्हणाला, "एक अडचण निघाली. देवी अज्ञान आहे."

"कोण?"

"वाघजाई. कायद्याने देव कायम अज्ञान असतो, लहान मुलासारखा. त्याची संमती धरता येत नाही. पालकाची लागते."

"महिषासुराला आडवा करणारी बाई अज्ञान?"

"वयाचा दाखला असेल तर जोडा."

मी कपाळावर हात मारला. पालक कोण, तर वहिवाटदार, म्हणजे मीच. तिथल्या तिथे पालक म्हणून सही ठोकली. त्याने ती वाळू दिली आणि म्हणाला, "आता असं बघा, अर्जदार तुम्ही आणि पालकही तुम्ही. अज्ञान मुलाच्या जमिनीवर पालकाने स्वतःचा फायदा करून घ्यायचा नसतो. अर्जदार बदला. बायकोच्या नावाने करा." हे आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?

तर अर्जदार झाली राही. मालक अज्ञान असला, तरी अर्जदार बदलला म्हणून पुन्हा कौल.

या खेपेला गावाला कंटाळा आला होता. आठ-दहाच जण आले, तेही गप्पा मारत बसले. मी गाऱ्हाणं घातलं आणि पाषाणाकडे बघत राहिलो. डावी पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली. मी मागे बघितलं, कोणाचं लक्ष नव्हतं. मी वाकलो, पाकळी उचलली, डाव्या खांद्याला परत चिकटवली, उजवी पाडली आणि ओरडलो, "उजवी!" चाळीस वर्षांत देवीच्या तोंडात मी कधी खोटं घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं. राहीसाठी घातलं, पण घातलंच.

मग फाइल अडकली, ती वेगळ्याच ठिकाणी. देवस्थानच्या जमिनीचा प्रश्न, म्हणून हमीच्या टेबलाने देवस्थानच्या टेबलाचा अभिप्राय मागवला. देवस्थानच्या टेबलावरचा माणूस बदलून गेला होता आणि त्याचं काम जुवळेकडेच होतं. म्हणजे जुवळेने जुवळेला पत्र लिहिलं. जावक क्रमांक घातला, टपालात टाकलं आणि तीन दिवसांनी शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःच फोडलं.

"काय म्हणतात देवस्थानवाले?" मी दर महिन्याला विचारायचो.

"उत्तर नाही हो त्यांचं," तो मनापासून हळहळायचा. "दोन स्मरणपत्रं पाठवली."

"अहो, पण ते तुम्हीच ना?"

"या खुर्चीवर बसून तिकडचं बोलता येत नाही, रावजी."

एकदा मी चिडून त्याला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तिथे बसून तो म्हणाला, "हमीवाल्यांचा प्रस्तावच अपुरा आहे. सदरा शिवायला घ्यायचा आणि माप द्यायचं नाही, असली त्यांची तऱ्हा." मी उठलो आणि थेट एसटी स्टँडवर गेलो. माझ्या हातून तिथे काहीतरी भलतंच झालं असतं.

अशी अडीच वर्षं गेली. राही आधी सुईत दोरा ओवेनाशी झाली, मग तांदळातले खडे वेचेनाशी झाली. शेवटी मी समोर उभा राहिलो तरी आवाज दिल्याशिवाय ओळखेना. उजेड-अंधार तेवढा कळायचा. डॉक्टर म्हणत होता, एक डोळा अजून हाताशी आहे, पण धूर. आणि मी मनात म्हणायचो, डावी लपवलीस ना रावजी, घे आता. रात्रंदिवस तेच खात होतं मला.

शेवटी देवस्थानच्या टेबलावर नवा माणूस आला आणि पंच्याऐंशीच्या जानेवारीत मंजुरी आली. जांभा फोडून खड्डा खणला, टाकी बसली, शेणपाणी कालवून ओतलं. मार्चमध्ये शेगडी पेटली. राही तिच्यापुढे बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. माझ्याच आलं.

एकतीस मार्चला जुवळे स्वतः तपासणीला आला. एकच कागद राहिला होता. तो आज भरला नाही तर हमी रद्द, आणि बँक टाकी उपटून नेणार. म्हणजे पुन्हा चूल. त्याने वाचून दाखवलं, "मी, अर्जदार, संचाची ज्योत पेटलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. वहिनी, इथे अंगठा करा."

"मी कुठे पाहिली?" राही म्हणाली.

"नुसता अंगठा करायचाय."

"अहो भाऊसाहेब, मला दिसत नाय. खोटं कसं लिहून देऊ?"

माझं डोकं फिरलं. "अगो, तीन वर्षं घासतोय मी त्या कचेरीच्या पायऱ्या! आज एवढं एक खोटं बोललीस तर—"

"एक तुम्ही बोललात ना," ती शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या कौलाला डावी पडली होती."

"कोणी सांगितलं तुला?"

"त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत."

जुवळे खिडकीबाहेर बघू लागला. "हे मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला. मग राहीने हात पुढे केला, चाचपडत ज्योतीच्या वर धरला. "ऊन लागतंय. धुराचा वास नाय. डोळे चुरचुरत नायत. हे खरं आहे, हे लिहा."

"तसा रकाना नाही, वहिनी."

"मग पाडा की एक."

जुवळेने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. शेवटी 'डोळ्यांनी पाहिली' यावर काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हाताने पाहिली'. त्याला घाम फुटला होता. राहीने अंगठा केला. आणि मग तो पुटपुटला, "खाडाखोड झाली. मालकाची संमती लागेल."

देऊळ पन्नास पावलांवर. राहीला धरून नेलं. मी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि या खेपेला दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. पाकळी पडली. मीच मोठ्याने सांगितलं.

"डावी."

"पडायचीच," राही म्हणाली. "मागची तुम्ही लपवलीत, ती तिने परत पाडली."

आता टाकी गेली, चूल आली, तो एक डोळाही गेला. मी पायरीवर मटकन बसलो. जुवळे कागदाकडे बघत उभा होता. मग त्याने घसा साफ केला.

"रावजी, मालक अज्ञान आहे ना?"

"तुम्हीच म्हणता."

"मग अज्ञान मालकाची संमती धरता येत नाही, तर तिचा नकार तरी मी कसा धरू? पालक म्हणून सही करा इथे."

मी केली. ती इतकी वाकडीतिकडी आली, की मलाही ओळखू आली नसती. त्याने ती पडताळून पाहिली नाही.

तो चहा पिऊन गेला. राहीनेच केला, शेगडीवर. तो गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायला जायचं होतं.

"निळी असते ना हो ज्योत? सगळे म्हणतात."

"निळी आहे," मी म्हणालो. मग जरा वाकून नीट बघितलं. "कडेला थोडी पिवळी आहे."