बिजलीबाईचा चुडा

भाडेकरू निवडायला बसलो की आपल्यातल्या भल्याभल्यांच्या अंगात न्यायाधीश शिरतो! बाभुळगावच्या बाबारावांनी रस्त्याकडच्या दोन खोल्यांसाठी आलेल्या एकाला धर्म विचारून परत पाठवले, दुसऱ्याला जात विचारून. मग शाळेवर नवे आलेले खेमसिंग राठोड गुरुजी आले. पांढरे धोतर, गोड बोलणे. हे राजपूतच, असे समजून बाबारावांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सामानाची बैलगाडी दारात थांबली. आरशांचा घागरा सावरत, गुरुजींची पोटुशी बायको बिजलीबाई उतरली. दोन्ही दंडांवर पांढऱ्या बांगड्यांचा चुडा. शेजारी ओट्यावर जमले.

"गुरुजी, तुमी तांड्यावरचे बंजारे? सांगतलं काहून नाई?" बाबारावांनी विचारले.

"तुमी विचारलंच कुठं?"

बाबाराव पुरते अडकले. शब्द मोडवेना, आणि भाऊबंद बिथरले तर मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडणार. गुरुजींनी धर्मशाळा सकाळीच सोडली होती. गावात दुसरी खोली मिळत नव्हती, आणि बायकोचे दिवस भरत आले होते. ते तरी कुठे जाणार?

शेवटी बाबारावांनी तोड काढली. "राहा. पन बाईनं लुगडं नेसावं, त्या बांगड्या उतरवाव्या. लोकाइले राजपूतच सांगू."

गुरुजींनी मान खाली घातली. बिजलीबाईने एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिले आणि चुडा ओढायला लागली. तो कोपरावर अडला. तिचे डोळे भरून आले.

बाबारावांची बायको सत्यभामा दारातून धावली. "काय झालं वं बाई?"

"धनी मेल्यावर उतरवतेत हा चुडा," बिजलीबाई कशीबशी बोलली. "अन् हे तं समोर उभे हायेत."

सत्यभामा नवऱ्याकडे वळली. "आवो, उद्या मले कोनी म्हनलं, कुकू पूस मंग खोली देतो, तं पुसू द्यान तुमी?"

"मले काय मालूम होतं!"

"मालूम नोतं तं विचाराचं! जात तं बरी विचारता!"

"अन् पोरीची सोयरीक?"

"एवढ्यानं मोडत असन, तं मोडू द्या!"

 लाजेने बाबारावांचे कान तापले. अखेर त्यांनी गाडीतली पेटी स्वतः उचलली. "चुडा वर सरकव, माय. चुकलो मी!"

सोयरीक खरेच मोडली. बाबाराव फार कष्टी झाले. पण महिन्याभरात त्याच खोलीत बिजलीबाईला मुलगी झाली, आणि तिला पहिली आंघोळ सत्यभामेने घातली.

बंधूंनो, भाडेकरू जरूर पारखा. वागणूक पाहा, शेजाऱ्याशी जमेल का ते पाहा. पण छपराच्या बदल्यात कुणाकडून त्याचे स्वत्व मागू नका. चप्पल दाराबाहेर काढून ठेवता येते. माणसाला स्वतःला तिथे काढून ठेवता येत नाही.