क्ष-किरणवाल्याची मूठ

आमच्या वन्संना सगळे ‘उंदीरमारी’ म्हणत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदीर आणणाऱ्या त्या पहिल्याच. क्ष-किरणांनी जिवंत मांस कसं मरतं ते मोजायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. किरण खाऊन उंदरांची कातडी सुटे, हाडं पोखरत. मग वन्सं त्यांच्या माना मोडत, चिरून बघत आणि त्याच हातांनी आमच्याकडे जेवायला येत. धुऊन, बरं का!

त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा, इस्पितळात क्ष-किरण यंत्र चालवायचा. यंत्राचा जोर बघायला रोज सकाळी स्वतःचा उजवा हात किरणांत धरायचा. पडद्यावर बोटांची हाडं स्वच्छ दिसली की पेशंट आत. सगळेच यंत्रवाले असं करत. त्याची नखं गळाली, जखमा भरेनात. मलमं लावून मी रडकुंडीला आले.

“दादा, आज बोटं कापून घे. नाहीतर हात जाईल, मग तू जाशील,” वन्सं म्हणाल्या.

“मी काय तुझा उंदीर आहे?”

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन इस्पितळात गेले, तर वन्सं तिथे आधीच हजर. यंत्रासमोर पुन्हा त्याचा हात! त्यांनी आधी बटण बंद केलं, शेवटी शास्त्रज्ञच त्या, आणि मग लोखंडी स्टूल उचलून यंत्राच्या काचेच्या नळीवर घातलं. काचा उडाल्या. एक माझ्या कपाळात घुसली.

नवऱ्याचं डोकं फिरलं. त्यानं बहिणीला केसांना धरून भिंतीवर आपटलं.

“मार! पण हात सर्जनला दाखव!” त्या ओरडल्या.

त्यानं उजवी मूठ आवळून त्यांच्या गालावर हाणली. कडकन आवाज झाला. मला वाटलं, वन्संचा जबडा गेला. पण किंचाळत खाली बसला तो माझा नवरा. त्याची बोटं नुसती लोंबत होती.

वन्सं रक्त थुंकत त्याच्याजवळ बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. “मला खोटं पाडायला हवं होतंस ना रे, दादा!”

सर्जननं हात खांद्यापासून काढला. जीव वाचला म्हणाले. भिंतीला टेकून उभी होते, तेवढ्यात वन्सं आल्या. गाल सुजून काळानिळा झालेला.

“वहिनी, तो हात मला हवाय. किरणांनी पोखरलेलं माणसाचं हाड अजून कुणी तपासलेलं नाही.”

मी त्यांच्या त्याच गालावर सणसणीत लगावली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“न्या,” मी म्हणाले.